मेल्यावर नक्की काय जातं? ऑनलाइन गेममधल्या मरणाचा इतिहास

कबड्डीत गडी मेला की पुढे काय, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवत नाही. तो रेषेबाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या संघाने समोरचा गडी मारला की जिवंत होऊन आत येतो. पण हा काही एकमेव नियम नाही. कबड्डीचे जे जुने प्रकार सांगतात त्यात हा झाला 'संजीवनी'. 'गामिनी'त एकदा मेलेला गडी संघातले सगळे मरेपर्यंत बाहेरच. आणि 'अमर'मध्ये गडी मरतच नाही. समोरच्याला गुण मिळतो आणि हा खेळत राहतो. मैदान तेच, दम तोच, पकडही तीच. तरी तिन्ही खेळ वेगळे होतात. गामिनीत शेवटी उरलेल्या एकट्या गड्यावर जे दडपण येतं ते अमरमध्ये येऊच शकत नाही. आणि संजीवनीत माझं परत येणं माझ्या हातात नसतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी चढाईवर किंवा पकडीवर अवलंबून असतं.

आज हाच प्रश्न ऑनलाइन रोल प्लेइंग गेमना विचारायचा आहे. कॅरेक्टर मेलं की नक्की काय होतं, ते परत कसं येतं, आणि या नियमाचा इतिहास लिहायचा तर कसा?

"गेमवर कुठे संशोधन असतं का?" हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, तर उत्तर सोपं आहे. सामाजिक नियम माणसांना कसं वागायला लावतात, हे शोधताना आपली नेहमीची अडचण म्हणजे नियम लेखी नसतो, किंवा तो कधी बदलला ते कळत नाही. इथे नियम लेखी आहे, बदलाची तारीख बहुतेक वेळा सापडते, आणि त्या एका नियमाखाली हजारो माणसं वर्षानुवर्षं एकत्र वावरली आहेत. संशोधनाची तयारी करणाऱ्याला सरावासाठी याहून सोयीचं क्षेत्र शोधून सापडणार नाही.

आधी प्रश्न ठरवू

या विषयावर वाचायला लागलात की एक गोष्ट सगळीकडे भेटेल: पूर्वी गेममधलं मरण फार कडक होतं, मग ते हळूहळू सौम्य झालं, कारण कंपन्यांना जास्त गिऱ्हाईक हवं होतं. गोष्ट नीटनेटकी आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने बघायला हवं. 'कडक' आणि 'सौम्य' हे मोजायचे शब्द नाहीत, ते खेळणाऱ्याच्या तक्रारीचे शब्द आहेत. त्याऐवजी प्रत्येक गेमला हे चार प्रश्न विचारा:

१. मेल्यावर काय जातं? अख्खं कॅरेक्टर, कमावलेला अनुभव, वस्तू, पैसा की नुसता वेळ?
२. गेलेलं परत मिळतं का, आणि किती?
३. परत येण्यासाठी दुसऱ्या कुणाची गरज लागते का?
४. माझ्या मरणाचा फायदा कुणाला होतो?

आता हे चार प्रश्न हातात धरून सुरुवातीपासून चालू.

एसेक्सचं मड: दोन तऱ्हेचं मरण

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पीडीपी-१० या संगणकावर 'मड' लिहायला घेतला. १९८० च्या सुमारास ते काम रिचर्ड बार्टल यांच्याकडे आलं. चित्रं नव्हती, सगळा मजकूर. पण एकाच जगात अनेक जण एकाच वेळी वावरू शकत होते, आणि पुढच्या ऑनलाइन जगांची वंशावळ इथपासून मांडली जाते.

मडमध्ये मरणाच्या दोन तऱ्हा होत्या. कड्यावरून पडलात किंवा अशाच एखाद्या अपघातात मेलात, तर परत येता यायचं. पण लढाईत मेलात तर कॅरेक्टर कायमचं पुसलं जायचं. बार्टल यांच्या बोलीत पहिला नुसता 'मेलेला', दुसरा 'मेलेला मेलेला'.

हे क्रूर वाटतं, पण पहिला प्रश्न विचारा: जायला मुळात होतं काय? मडचं जग ठरावीक काळाने पुन्हा पहिल्यासारखं मांडलं जायचं. खजिना परत जागेवर, दारं परत बंद. खेळणाऱ्याकडे वस्तू साठून राहत नव्हत्या. टिकायचे ते फक्त कॅरेक्टरच्या नावावरचे गुण. म्हणजे दुसरं काही हिरावून घ्यायला नव्हतंच. गुण पुरेसे झाले की खेळाडू 'विझर्ड' व्हायचा, आणि विझर्डला मरण नाही. गामिनी आणि अमर एकाच गेममध्ये होते, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची धडपड हाच खेळ होता.

यातून संशोधनाचा पहिला धडा घ्या. मरणाचा नियम एकटा वाचू नका. त्या जगात टिकणारी गोष्ट कोणती, ते आधी शोधा.

राजाही मेला

१९९० च्या दशकात टिकणाऱ्या गोष्टी वाढल्या. २४ सप्टेंबर १९९७ ला 'अल्टिमा ऑनलाइन' आला, त्यात घर, सामान, धंदा, सगळं होतं. इथे मेलेला माणूस भूत व्हायचा. करड्या झग्यात फिरायचा, बोलायला गेला की जिवंतांना नुसतं 'ऊऊऊ' ऐकू यायचं. भुतांचं बोलणं समजण्याचं एक वेगळं कौशल्य होतं, ते शिकलेल्यालाच कळायचं. परत यायचं तर एखादा वैद्य, एखादं देवस्थान किंवा मंत्र येणारा खेळाडू गाठावा लागे. तोवर तुमचं प्रेत तिथेच पडलेलं, अंगावरच्या सामानासकट. जो पहिला पोचेल तो लुटणार.

चौथा प्रश्न इथे पहिल्यांदा जोरात उभा राहतो. तुमच्या मरणात दुसऱ्याची कमाई होती, म्हणून दरोडेखोरी हा धंदा झाला. ती आवरायला खुनी ठरलेल्यांना वेगळी शिक्षा ठेवली. साधे वैद्य त्यांना उठवत नसत. तेही पुरलं नाही. शेवटी २००० साली जगाची एक दुसरी प्रत काढली, जिथे संमतीशिवाय कुणी कुणाला मारू शकत नव्हतं. मरणाचा नियम बदलण्यासाठी अख्खा भूगोल दुप्पट करावा लागला.

याच गेमच्या चाचणीच्या काळातली एक घटना तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. ८ ऑगस्ट १९९७ ला गेमचे निर्माते रिचर्ड गॅरियट 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेसमोर उभे होते. तेव्हा रेन्झ नावाच्या एका कॅरेक्टरने आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता, आणि राजाचं अमरत्व परत चालू करायचं राहून गेलं होतं. किस्सा म्हणून हा मजेशीर आहेच. पण इतिहासाचं साधन म्हणून बघा: अमरत्व हा त्या राजाचा गुण नव्हता, ती कुणीतरी आठवणीने लावायची खूण होती. त्या जगात कोण मरू शकतो हे सत्तेचं कोष्टक होतं, आणि एका चुकीमुळे ते उघडं पडलं.

प्रेत आणायला कोण येणार?

१६ मार्च १९९९ ला 'एव्हरक्वेस्ट' आला. यातलं मरण आजही जुने खेळाडू रंगवून सांगतात. मेलात की कमावलेल्या अनुभवातला एक हिस्सा जायचा, कधीकधी अख्खी लेव्हल खाली यायची. तुम्ही पूर्वी बांधून ठेवलेल्या जागी उघडे उठायचात. हत्यार, चिलखत, सगळं प्रेतावर, आणि प्रेत जिथे मेलात तिथे, म्हणजे बहुतेक वेळा ज्या राक्षसाने मारलं त्याच्याच पायाशी. ठरावीक मुदतीत पोचला नाहीत तर प्रेत नाहीसं, सामानही नाहीसं.

आता तिसरा प्रश्न विचारा. परत यायला कोण लागायचं? क्लेरिक वर्गाचा खेळाडू प्रेतापाशी येऊन पुनरुज्जीवन करायचा, त्यात गेलेला बराचसा अनुभव परत मिळायचा. वरच्या लेव्हलच्या मंत्राने तर ९६ टक्के. नेक्रोमॅन्सर प्रेत आपल्याकडे ओढून आणू शकायचा. लपतछपत चालणारा रोग आत शिरून प्रेत बाहेर खेचायचा. आणि दुसऱ्याने तुमच्या प्रेताला हात लावायचा तर तुम्ही आधी परवानगीची आज्ञा टाइप करावी लागे. म्हणजे 'विश्वास' नावाची गोष्ट इथे एका ओळीच्या आज्ञेत बसवली होती.

रात्री उशिरा झोपेतून उठून अनोळखी माणसाचं प्रेत काढायला गेलेल्यांच्या आठवणी तुम्हाला या काळातल्या लेखनात खूप सापडतील. टी. एल. टेलर यांचं २००६ चं 'प्ले बिटवीन वर्ल्ड्स' हे पुस्तक एव्हरक्वेस्टमधल्या सामाजिक आयुष्यावरच आहे, अवश्य वाचा. गिल्ड हा शब्द आपण 'संघटना' असा सहज घेतो. पण कोण कुणाचं प्रेत काढायला आला, हे बघितलं की ती संघटना नक्की कशावर उभी होती ते समजतं. आपल्याकडे भाऊबंद कोण, हे मयतीच्या वेळी कळतं म्हणतात, त्यातलाच प्रकार.

इथे एक सावधगिरी. एव्हरक्वेस्टचा अनुभव 'डिकूमड' या जुन्या मजकुरी गेमसारखा आहे, हे तेव्हाच अनेकांच्या लक्षात आलं होतं. डिकूमड कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांनी १९९०-९१ मध्ये बनवला होता. मग एव्हरक्वेस्टने त्यांचा कोड उचलला, असा संशय पसरला. २००० साली एव्हरक्वेस्टच्या लेखकांनी आपण तो कोड वापरला नसल्याचं शपथेवर लिहून दिलं. आता तुम्ही काय लिहाल? 'प्रभाव' लिहाल की 'नक्कल'? दोन नियम सारखे दिसतात, एवढ्यावरून कोड सारखा ठरत नाही. आणि कोड वेगळा आहे म्हणून कल्पना स्वतंत्र ठरत नाही. प्रबंधात ही दोन वाक्यं वेगळी ठेवायला शिका.

मग मरण स्वस्त झालं का?

२३ नोव्हेंबर २००४ ला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. मेलात की भूत होऊन स्मशानात उठायचं, पळत प्रेतापाशी जायचं आणि परत जिवंत व्हायचं. प्रेतावरचं कुणी लुटत नाही. अनुभव जात नाही. अंगावरच्या सामानाची १० टक्के झीज होते, ती पैसे देऊन दुरुस्त करायची. पळायचा कंटाळा असेल तर स्मशानातल्या देवदूताकडून तिथल्या तिथे उठता येतं, पण मग झीज २५ टक्के, आणि वरच्या लेव्हलवाल्यांना १० मिनिटांचं आजारपण.

म्हणजे सौम्य झालंच की, असं वाटेल. चार प्रश्न लावून बघा. जातं काय? वेळ आणि दुरुस्तीचा पैसा. परत मिळतं का? सगळं. दुसऱ्याची गरज? नाही, मित्राने उठवलं तर सोय, नाहीतर आपण एकटे समर्थ. खरा बदल या तिसऱ्या उत्तरात आहे. शिक्षा कमी झाली हे खरं, पण त्याबरोबर दुसऱ्या माणसाची गरजही संपली. एकट्याने संध्याकाळी तासभर खेळणाऱ्या नोकरदाराला हे जग उघडं झालं, आणि अनोळखी माणसाचं ऋणी होण्याचा एक प्रसंग कमी झाला. यातलं चांगलं कोणतं, हे ठरवणं इतिहासकाराचं काम नाही. दोन्ही एकाच नियमातून निघालं, हे दाखवणं हे आहे. लिस्बेथ क्लास्ट्रुप यांनी वॉरक्राफ्टमधल्या मरणावर लिहिलेला लेख २००८ च्या एका संपादित ग्रंथात आहे. मरण हा या जगाच्या रोजच्या अनुभवाचा भाग म्हणून कसा वाचायचा, यासाठी तो चांगला नमुना आहे.

आणि 'सरळ रेषेत सौम्य' या गोष्टीला छेद देणारा पुरावा शेजारीच आहे. मे २००३ मध्ये आलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये माणूस क्लोन म्हणून परत येतो, पण जहाज गेलं ते गेलं. जानेवारी २०१४ मधल्या एकाच लढाईत ७५ टायटन, म्हणजे गेममधली सर्वांत मोठी जहाजं, कायमची नष्ट झाली. गंमत म्हणजे त्याच २०१४ साली याच गेमने दुसरा एक जाच काढून टाकला: क्लोन वेळेवर अद्ययावत केला नाही तर मेल्यावर कौशल्यं कमी व्हायची, तो नियम गेला. वस्तूंचं मरण पूर्वीइतकंच महाग राहिलं, शरीराचं मात्र स्वस्त झालं. अशा गेमला तुम्ही 'कडक' म्हणाल की 'सौम्य'?

साथ आणि पुराव्याची मर्यादा

सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये हक्कार नावाच्या एका शत्रूचा 'करप्टेड ब्लड' हा शाप त्याच्या ठरलेल्या जागेबाहेर पडला. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरात आला, दुकानदार पात्रांमध्ये टिकून राहिला आणि गर्दीतली कमी ताकदीची कॅरेक्टर पटापट मरू लागली. २००७ मध्ये एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस'मध्ये यावर लेख लिहिला. साथीत माणसं कशी वागतात, हे अभ्यासायला अशी जगं उपयोगी पडतील का, हा त्यांचा प्रश्न होता.

तुमचा प्रश्न याच्या एक पाऊल मागचा असायला हवा. इथे माणसं मेल्यावर परत येत होती. कुतूहल म्हणून साथीच्या भागात शिरणारा माणूस आणि रुग्णाच्या मदतीला धावणारा माणूस, दोघांनाही गमावण्यासारखं होतं ते काही मिनिटांचं पळणं आणि थोडी झीज. हीच साथ १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये आली असती तर शहर कदाचित आधीच ओस पडलं असतं. म्हणजे वागणुकीचा पुरावा घ्यायचा, पण त्याच्या शेजारी मरणाचा दर लिहून ठेवायचा. दर न लिहिता घेतलेला पुरावा पुढच्या संशोधकाला फसवतो.

एकच जीव, आणि त्याला अपवाद

कायमचं मरण कधी संपलं नव्हतं. २००० च्या 'डायब्लो २'मध्ये हार्डकोर हा वेगळा पर्याय होताच. वॉरक्राफ्टच्या जुन्या रूपातली 'क्लासिक' आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये आली. त्यात खेळाडूंनी स्वतःहूनच नियम पाळायला सुरुवात केली: मेलं की कॅरेक्टर सोडून द्यायचं. सांगणारा कुणी नाही, अडवणारं कुणी नाही, तरी हजारोंनी ते व्रतासारखं पाळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने त्यासाठी अधिकृत सर्व्हर काढले. नियम साधा होता: मेलात तर मेलात, नेट गेलं, सर्व्हर अडकला, कारण काहीही असो, परत मिळणार नाही.

आणि मार्च २०२५ मध्ये सर्व्हरवर बाहेरून हल्ले झाले, त्यात एका गाजलेल्या गिल्डची बरीच कॅरेक्टर मोहिमेच्या मध्यातच मेली. कंपनीने अशा हल्ल्यात मेलेल्यांना परत जिवंत करायचं ठरवलं. मडमधल्या त्या दोन तऱ्हा आठवल्या का? अपघाताने मेलेला परत येतो, लढाईत मेलेला येत नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळानंतर प्रश्न फिरून तिथेच आला: कोणतं मरण 'खरं' धरायचं, आणि ते ठरवणार कोण? १९९७ ला अमरत्वाची खूण कंपनीच्या हातात होती, २०२५ लाही तिथेच होती.

जिथे नियमच नाही

एक मरण मात्र या सगळ्या नियमांच्या बाहेर आहे. खेळणारा माणूसच गेला, तर त्याचं कॅरेक्टर मरत नाही. ते डेटाबेसमध्ये धडधाकट असतं, फक्त लॉगिन होत नाही. २००६ मध्ये वॉरक्राफ्टमधल्या एका गिल्डने आपल्या खऱ्या आयुष्यात वारलेल्या सोबत्यासाठी गेममध्येच एका तळ्याकाठी शोकसभा ठेवली. विरोधी गिल्डने तिथे हल्ला करून सगळ्यांना मारलं आणि त्याची चित्रफीत पसरवली. नियमाने बघाल तर कुणाचं काही गेलं नाही. मेलेले सगळे थोड्या वेळात उठले. तरी दुखावलं गेलं ते काय होतं, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत राहिले.

आपल्या चार प्रश्नांना याचं उत्तर देता येत नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवं. आपण बनवलेली चौकट कुठे थांबते, ते दाखवणं हाही संशोधनाचा भागच आहे.

साधनं कुठली घ्याल?

शेवटी कामाचं. या विषयात साधनंही मरतात. सर्व्हर बंद झाला की जग गेलं; नियम बदलला की जुना नियम कुठेच खेळता येत नाही. उरतात ती छापील माहितीपुस्तकं, बदलांच्या याद्या, निर्मात्यांच्या मुलाखती आणि खेळाडूंच्या आठवणी. यातल्या आठवणी सर्वांत जिवंत, आणि सर्वांत जपून वापरायच्या. सामान गमावलेला माणूस दहा पानं लिहितो, ज्याचं प्रेत सहज मिळालं तो काहीच लिहीत नाही.

क्लासिकसारखी पुन्हा जिवंत केलेली जगंही पूर्ण पुरावा नव्हेत. नियम २००६ चे असले तरी खेळणारा २०१९ चा आहे. कुठला राक्षस कुठे उभा असतो, हे त्याला आधीच पाठ असतं. नियम उठवता येतो, त्यावेळचं अज्ञान उठवता येत नाही.

तर एक काम करा. तुम्हाला माहीत असलेला कुठलाही एक गेम घ्या, मोबाइलवरचा चालेल. चार प्रश्नांची उत्तरं चार ओळींत लिहा, आणि नियम कधी बदलला असेल तर ती तारीख शेजारी मांडा. मग त्या तारखेच्या आधी आणि नंतर खेळणारे एकमेकांशी कसे बोलत होते, ते शोधा. दोन्हीकडचं बोलणं वेगळं निघालं, तर तुमच्या हाती संशोधनाचा प्रश्न आला आहे. तसंच निघालं, तर तोही निष्कर्षच आहे. तो तेवढ्याच काळजीने लिहून ठेवा.